संगणकाचे श्रमदान आणि कोअरांची वाटणी

आपल्या जिल्ह्यातील कित्येक प्राथमिक शाळांत आता एक-दोन संगणक आलेले आहेत. काही ग्रामपंचायतीच्या निधीतून आले, काही लोकवर्गणीतून, तर काही गावच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले. परंतु दिवसातून एखाद-दुसरा तास मुले त्यावर बसतात, आणि उरलेला वेळ ते यंत्र चालू असले तरी स्वस्थ असते. पडद्यावर चित्र दिसत असते. आत मात्र गणन करणारा भाग जवळजवळ रिकामा असतो. ही रिकामी शक्ती शास्त्रीय संशोधनास उसनी देता येते, हे काही शिक्षकबंधुभगिनींनी ऐकले असेल. ती किती द्यावी, आणि एका यंत्रात अनेक कोअर असता त्यांची वाटणी कशी करावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु वाटणी चुकली म्हणजे मुलांचा तास बुडतो, विजेचे देयक वाढते आणि संशोधकासही काही मिळत नाही, असा तिहेरी तोटा होतो. प्रस्तुत लेखकाने तो स्वतः करून पाहिला आहे; त्याची हकीकत पुढे येईल.

आरंभी हे काम कोणते, ते पाहू. पुसद, महागाव, उमरखेडकडील शिक्षकांस पैनगंगेपलीकडचा हिंगोली जिल्हा परका नाही; औंढा नागनाथाच्या दर्शनास आपल्याकडील माणसे पूर्वापार जातात. त्याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी करावयाची योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. अशीच दोन यंत्रे अमेरिकेत आधीपासून चालू आहेत. त्यांच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली.

ती लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती व क्षणभरच टिकली. शास्त्रज्ञांस आणखी एका प्रकारची लहर हवी आहे. अत्यंत दाट असा न्यूट्रॉन तारा गरगर फिरत असता त्याच्या अंगावर किंचितही उंचवटा असेल, तर त्यातून अखंड, मंद अशी लहर निघत राहावी. हा आवाज इतका क्षीण की महिनोन्‌महिन्यांची नोंद घेऊन, अगणित संभाव्य साचे तिच्यावर एकामागून एक ठेवून पाहावे लागतात. साचा ठेवून लहर शोधण्याच्या ह्या विद्येत आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचा वाटा मोठा आहे. तेथील प्रा. संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ सालीच, कोणते साचे निवडावे ह्याविषयीचे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले होते. अखंड लहर अद्यापि सापडलेली नाही. ताऱ्याचा वेग, वेगातील घट व आकाशातील स्थान ह्यांच्या प्रत्येक जोडणीस वेगळा साचा लागतो, आणि एवढे गणन कोणत्याही एका संगणकगृहाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे पाडून ते जगभरच्या घरोघरी असलेल्या संगणकांकडे पाठविण्याचा प्रघात पडला. ‘आइनस्टाइन ॲट होम’ हा असा प्रकल्प फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाला.

ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ-संकेत शोधणारा ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात सुरू झाला, आणि ३१ मार्च २०२० रोजी त्याने नवी कामे पाठविणे थांबविले. त्याच विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘बॉइंक’ नावाची विनामूल्य प्रणाली तयार झाली. ती संगणकावर बसविली म्हणजे आपण निवडलेल्या प्रकल्पाकडून काम मागवून घेते, करते आणि उत्तर परत पाठविते. मोबदला काहीच नाही. केलेल्या कामाचे श्रेयांक तेवढे आपल्या नावे मांडले जातात. गावच्या रस्त्यासाठी घमेले उचलणाऱ्या माणसाचे नाव हजेरीपटावर लागते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून ह्यास संगणकाचे श्रमदान म्हणावयास हरकत नाही.

श्रमदानातील काम खरे की खोटे, हे कसे ओळखावे? गणिताच्या तासाला आपण ताळा पाहावयास सांगतो, तोच उपाय येथे आहे. बहुतेक प्रकल्प एकच काम दोन निरनिराळ्या यंत्रांकडे धाडतात आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. २०१० साली ‘आइनस्टाइन ॲट होम’ने अरेसिबो येथील दुर्बिणीच्या नोंदींतून, सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेणारा एक रेडिओ-स्पंदक शोधून काढला. तो अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या संगणकावर आणि जर्मनीतील माइन्झ येथील एका गृहस्थाच्या संगणकावर, असा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उमटला होता. त्यांपैकी दांपत्याचे यंत्र घरगुती प्रकारचे होते. आपल्या शाळेतील यंत्र त्याहून फार वेगळ्या जातीचे असते असे समजण्याचे कारण नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. संगणकात गणन करणारा जो भाग, त्यास कोअर म्हणतात. पूर्वीच्या यंत्रांत एकच कोअर असे. आता दोन, चार, सहा, आठ असतात. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर एक कोअर म्हणजे एक शिक्षक. चार कोअरांचा संगणक म्हणजे चार शिक्षकी शाळा. चारही शिक्षक एकाच इमारतीत, एकाच फळ्याखडूच्या साठ्यावर आणि एकाच कपाटावर काम करतात. हे सामाईक कपाट म्हणजे संगणकाची स्मृती, म्हणजेच रॅम, हेही ध्यानात ठेवावे. त्याचा प्रश्न पुढे येतो.

बॉइंक उघडले असता पुष्कळदा चार कोअरांच्या यंत्रात आठ गणक असल्याचे दिसते आणि शिक्षक गोंधळतात. ह्यात चूक नाही. ज्या शिक्षकाने द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी पहिली व दुसरी सांभाळली आहे, त्यास हे सांगावयास नको. दुसरीस उतारा लिहावयास लावून तो पहिलीकडे वळतो. पहिली पाटीवर गिरवू लागली की पुन्हा दुसरीकडे. एका वर्गाच्या रिकाम्या क्षणांत दुसऱ्याचे काम होते. कोअरही अशाच दोन धाग्यांवर काम करतो, आणि बॉइंक हे धागे मोजते. परंतु बहुवर्ग अध्यापन करणारा शिक्षक म्हणजे दोन शिक्षक नव्हेत, हे आपणांहून अधिक कोणास ठाऊक आहे? (वरिष्ठांस हे अधूनमधून सांगावे लागते, ती गोष्ट निराळी.) आठ धागे दिसले तरी काम आठपट होत नाही, चारपटीहून काहीसे अधिक होते इतकेच. उष्णता मात्र वाढते.

कामे दोन जातींची असतात. पहिल्या जातीचे काम एका कोअरने एकट्याने करावयाचे. चार कोअर असतील तर अशी चार कामे शेजारी शेजारी चालतात. ‘आइनस्टाइन ॲट होम’ची मुख्य गणकावरील कामे सामान्यतः अशी असतात. दुसऱ्या जातीचे काम अनेक कोअर मिळून करतात. आकाशगंगेभोवतीच्या लहान दीर्घिका कशा विस्कटत गेल्या ह्याचे गणन करणारा ‘मिल्कीवे ॲट होम’, मूळ संख्या शोधणारा ‘प्राइमग्रिड’ आणि जिनिव्हाजवळील कणत्वरकाच्या ‘ॲटलास’ प्रयोगाची कामे ही ह्याची उदाहरणे होत. येथेच निवड करावी लागते : चार कोअरांनी एक काम मिळून करावे, की प्रत्येकाने आपापले?

ह्याचे उत्तर कापसाच्या शेतात सापडते. समजा, एका शेतातील कापूस एकट्या बाईने वेचून घरी आणावयाचा तर १० तास लागतात. त्यांपैकी ८ तास वेचणीचे. उरलेले २ तास गाठोडी बांधणे, काट्यावर वजन करणे आणि वहीत मांडणे ह्यांचे. चार बाया लावल्या तर वेचणी २ तासांत उरकेल. परंतु काटा एकच आहे. तेथील २ तास काही कमी व्हावयाचे नाहीत. एकूण ४ तास लागले. चौपट माणसे, पण वेग अडीचपटच. आठ बाया लावल्या तरी १ अधिक २ असे ३ तास लागणारच. जीन अमडाल ह्या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली नेमकी हीच मर्यादा मांडली, आणि ती त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या कोणत्याही बाईस ती त्याही आधीपासून ठाऊक असावी.

आता चार शेते आहेत असे धरू. चार बायांनी आपापले एकेक शेत, आपापल्या काट्यासह घेतले, तर १० तासांत चारही शेते होतील. तेच त्यांनी मिळून एकेक शेत घेतले तर प्रत्येकी ४ तासांप्रमाणे १६ तास लागतील. म्हणजे एकूण कामाचा विचार केला तर आपापले करणे लाभाचे. हा निष्कर्ष काढून पुष्कळ लोक थांबतात, आणि ज्यांचा संगणक अहोरात्र चालतो त्यांच्यापुरता तो बरोबरही आहे. परंतु आपली शाळा अहोरात्र चालत नाही.

प्रत्येक कामास मुदत असते. मुदतीत उत्तर न गेल्यास ते काम दुसऱ्या कोणाकडे धाडले जाते आणि आपले श्रम व वीज बहुधा वाया जातात. समजा, एका कोअरला एक काम करावयास २४ तास लागतात, आणि शाळेचा संगणक दिवसाकाठी ३ तास देता येतो. चारही कोअरांनी आपापले काम घेतले तर चारही कामे आठव्या दिवशी एकदम पुरी होतील. पण सातव्या दिवसापर्यंत हाती काहीच नाही. मिळून एक काम घेतले तर, वरच्याच प्रमाणाने, ते ९ तास ३६ मिनिटांत, म्हणजे चौथ्या दिवशी पुरे होते. आठ दिवसांत अशी दोन कामे पुरी आणि तिसरे अर्धे होईल. चारांऐवजी दोनच, तोटा झाला खरा. परंतु पाचव्या दिवसानंतर वीज गेली, दिवाळीची सुट्टी लागली, किंवा शिक्षकास निवडणुकीच्या कामी जावे लागले, तर? आपापले करणाऱ्यांची चार कामे अर्धवट पडतात, आणि मिळून करणाऱ्यांचे एक काम तरी पोहोचलेले असते.

मधला मार्गही आहे. दोन-दोन कोअरांच्या जोड्या कराव्यात. दोन बायांना एक शेत ६ तासांत आटोपते (४ वेचणीचे, २ काट्याचे), त्याच हिशेबाने २४ तासांचे काम १४ तास २४ मिनिटांत होते. दोन जोड्यांची दोन कामे पाचव्या दिवशी एकदम पुरी होतात. पाचव्या दिवसानंतर खंड पडला तर आपापले करणाऱ्यांचे शून्य, चौघे मिळून करणाऱ्यांचे एक, आणि जोडीने करणाऱ्यांचे दोन, असा हिशेब निघतो. ग्रामीण शाळेस जोडीची पद्धत सर्वांत मानवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत झालेले आहे. अर्थात प्रत्येक प्रकल्पातील वेचणी आणि काटा ह्यांचे प्रमाण निराळे असते. ते घड्याळ लावून, दोन-चार कामे पाहून आपणच ठरवावे.

मिळून काम करण्याचा आणखी एक लाभ स्मृतीचा आहे. चार शिक्षकांनी चार निरनिराळे विषय शिकवावयास घेतले तर चौघांच्या तक्त्यांनी कपाट भरून जाते; चौघे एकच विषय शिकवीत असतील तर एका तक्त्यावर भागते. ‘ॲटलास’ची कामे अनेक कोअरांची करण्यामागे मुख्य हेतू हाच होता. आपल्या शाळांतील जुन्या यंत्रांची स्मृती ४ जीबी किंवा त्याहून कमी असते. तेथे चार मोठी कामे एकदम उघडली तर कपाट उतू जाते आणि संगणक तबकडीवर सामान ठेवण्या-काढण्यातच दिवस घालवितो. अशा यंत्रावर ‘ॲटलास’च्या वाटेस न गेलेलेच बरे.

आता मांडणी कशी करावी ते सांगतो. बॉइंकमध्ये गणनविषयक पसंतीचे एक पान असते. त्यात किती टक्के गणक वापरावे, हा पहिला आकडा. चार गणकांपैकी ७५ टक्के म्हणजे तीन, ५० टक्के म्हणजे दोन. ६० टक्के लिहिले तर २.४ येतात, अपूर्णांक सोडला जातो आणि दोनच धरले जातात. दशमान अपूर्णांक शिकविताना हे उदाहरण सहावी-सातवीस अवश्य द्यावे. दुसरा आकडा किती टक्के वेळ वापरावा हा. येथे ५० लिहिले म्हणजे यंत्र क्षणभर चालते, क्षणभर थांबते, असे अखंड होत राहते. उष्णता कमी करावयाची असेल तर ह्यापेक्षा कोअरांची संख्या कमी करणे चांगले. चार शिक्षकांना दर मिनिटाला उठवून बसविण्यापेक्षा दोघांना सलग शिकवू द्यावे.

संगणक वापरात असताना काम थांबवावे, अशीही खूण तेथे आहे. कळफलकास किंवा माऊसला हात लागला की काम थांबते आणि हात काढल्यावर काही मिनिटांनी, मूळ मांडणीत ३ मिनिटांनी, पुन्हा सुरू होते. शाळेसाठी ही खूण अवश्य करावी. बॅटरीवर असताना थांबण्याची खूणही करावी. वीज गेल्यावर राखीव बॅटरीचा जोर संशोधनात खर्ची पडू नये. आगाऊ साठवावयाचे काम अर्ध्या दिवसाहून अधिक मागवू नये. हावरेपणाने आठवड्याचे काम मागविले की मुदती चुकतात. स्थगित झालेले काम स्मृतीत ठेवावे की नाही, हाही प्रश्न विचारलेला असतो. काम मधूनमधून आपल्या मुक्कामाची नोंद करते. स्मृतीतून काढल्यास ते शेवटच्या मुक्कामापासून पुन्हा चालू लागते. सर्वच प्रकल्पांत अशी नोंद होते असे नाही. म्हणून स्मृती पुरेशी असेल तर ठेवावे हे उत्तम.

ह्याच पसंती प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनही ठरविता येतात. तेथे घर, शाळा व कार्यालय अशी यंत्राची निरनिराळी स्थाने मांडलेली असतात. दूर बर्कलीत बसून ही सोय करणाऱ्यास शाळेची आठवण राहिली, ह्याचे प्रस्तुत लेखकास कौतुक वाटले. परंतु एक खबरदारी घ्यावी. यंत्रावर स्वतंत्र पसंती एकदा लिहिली की संकेतस्थळावरील पसंतीपेक्षा तीच प्रमाण मानली जाते. मग संकेतस्थळावर कितीही बदल केले तरी परिणाम दिसत नाही, आणि माणूस चक्रावतो. दोहोंपैकी एकच जागा ठरवावी.

एका कामास किती कोअर द्यावे, हा आकडा काही प्रकल्पांच्या संकेतस्थळावरच भरता येतो. ‘प्राइमग्रिड’ आणि ‘ॲटलास’ येथे तशी सोय आहे. जेथे नसेल तेथे प्रकल्पाच्या कप्प्यात एक लहानशी मजकूर-धारिका रोमन लिपीत लिहून ठेवावी लागते. तिचा नमुना प्रकल्पाच्या मदतपानावर मिळतो. त्यातील दोन आकड्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. एक आकडा प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यक्रमास सांगतो, की इतके धागे लाव. दुसरा बॉइंकला सांगतो, की ह्या कामी इतके कोअर गुंतले आहेत असे धर. दोन्ही आकडे एकच असावे लागतात. स्नेहसंमेलनाच्या तालमीस चार शिक्षक गेले, परंतु मुख्याध्यापकांच्या वहीत एकच गेल्याची नोंद झाली, तर ते उरलेले तिघे मोकळे समजून त्यांना आणखी तीन तालमी देतील. संगणकात असेच होते : चार कोअरांवर चार कामांचे मिळून सोळा धागे धावू लागतात आणि सारेच रखडते. धारिका बदलल्यावर ती पुन्हा वाचण्याचा आदेश बॉइंकला द्यावा, आणि चालू काम संपून नवे सुरू होईपर्यंत परिणामाची घाई करू नये.

एकाच यंत्रावर दोन्ही जातींची कामे घेण्याचा मोह टाळावा. चार शिक्षक लागणारी तालीम सुरू व्हावयाची तर चौघेही मोकळे व्हावे लागतात. पहिला मोकळा झाला, दुसरा झाला, तिसराही वाट पाहत बसला, आणि चौथ्याचा वर्ग काही सुटत नाही. अशा रीतीने कोअर रिकामे बसतात. फार तर दोन कोअरांचे एक काम आणि एका कोअरचे एक, एवढे मिश्रण चालते.

आता प्रस्तुत लेखकाची हकीकत. पहिल्या वर्षी मार्च महिन्यात मी उत्साहाच्या भरात चारही कोअर शंभर टक्के देऊन टाकले, आणि वापरात असताना थांबण्याची खूण करावयास विसरलो. पाचवीची मुले चित्र काढावयास बसली तेव्हा माऊस हलविला तरी पडद्यावरचा बाण हलेना. एक मुलगी म्हणाली, “सर, कॉम्प्युटरला ताप आला.” तिने पेटीस हात लावून पाहिला होता, आणि तिचे निदान अचूक होते. आपल्याकडे मार्चअखेरीस दुपारी पत्र्याच्या खोलीत काय होते ते सांगावयास नको. त्याच आठवड्यात यंत्र आपण होऊन बंद पडले. आतला पंखा धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजलेला निघाला. चारही कामे नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. दुरुस्ती होईतो परीक्षा आल्या आणि मुदत टळली. महिनाभर यंत्र तापविले, आणि एकही उत्तर परत गेले नाही.

ह्याहून मोठी गोष्ट पुढेच घडली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका वयस्कर पालकांनी शांतपणे विचारले, “गुरुजी, थे तारे शोधाचं काम चांगलं आहे, पण लाइन कोनाची जळून राह्यली?” मजजवळ उत्तर नव्हते, कारण मी कोणास विचारलेच नव्हते. यंत्र लोकवर्गणीचे, वीज शाळेची, आणि दान मी करीत होतो. दुसऱ्याच्या कोठारातील धान्य वाटून दातृत्व मिरविता येत नाही. पुढील बैठकीत मी मुलांकडून हिशेब करवून फळ्यावर मांडला. समजा, स्वस्थ संगणक ४० वॅट वीज घेतो आणि कामात असता १०० वॅट. अधिक लागले ६० वॅट. दिवसाचे ३ तास आणि महिन्याचे २४ दिवस धरले तर ६० × ३ × २४ म्हणजे ४,३२० वॅट-तास, अर्थात ४.३२ युनिट. दराने गुणून येणारी रक्कम समितीने पाहिली, आणि काही अटी घालून परवानगी दिली. पहिली अट, मुलांच्या तासास धक्का लागू नये. दुसरी, उन्हाळ्यात बंद. तिसरी अट त्याच पालकांची : काय काम झाले ते दर महिन्याला वाचून दाखवावे. ज्या शाळेत असे करावयाचे असेल तेथे मुख्याध्यापकांची व समितीची लेखी संमती प्रथम घ्यावी, प्रणाली केवळ बॉइंकच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, आणि खात्यात मुलांची नावे वा छायाचित्रे घालू नयेत.

संगणक नसलेल्या शाळेसही हा पाठ घेता येतो. किंबहुना तो अंगणातच अधिक चांगला होतो. तुरीच्या दाण्यांचे सारखे वजन केलेले ढीग घ्यावेत. एक ढीग एका मुलाने मोजावा, दुसरा दोघांनी, तिसरा चौघांनी, चौथा आठ जणांनी. दहा-दहाचे गट करून झाले की प्रत्येकाने फळ्याजवळच्या एकाच लेखनिकाकडे जाऊन आपला आकडा लिहवावा आणि त्याने बेरीज करावी. घड्याळ एका मुलीच्या हाती द्यावे. आठ जणांच्या खेपेस फळ्याजवळ रांग लागते आणि मुले आपण होऊन ओरडतात, “लिहिणारे दोन करा!” हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत शिक्षकाने काही सांगू नये. नंतर एकच ढीग दोन गटांकडून स्वतंत्रपणे मोजवून घ्यावा. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्या गटास द्यावा, म्हणजे ताळ्याचे प्रयोजन कळते. शेवटी मुलांची संख्या आणि लागलेला वेळ ह्यांचा आलेख सातवीच्या मुलांनी काढावा. आलेख आधी झपाट्याने खाली येतो व पुढे जवळजवळ आडवा होतो. तो आडवा का झाला, ह्याचे कारण एका वाक्यात लिहावयास द्यावे.

आमच्या शाळेत सध्याची मांडणी अशी आहे. चारांपैकी दोन कोअर, ५० टक्के. दोन्ही कोअरांनी मिळून एक काम. वेळ दुपारी २ ते ५. वापरात असता स्थगित. पंखा दर पंधरवड्यास साफ करावयाचा, आणि त्याची पाळी मुलांच्या मंत्रिमंडळातील स्वच्छतामंत्र्याकडे. कामे लहानमोठी येतात. परंतु वर हिशेबास घेतलेल्या आकाराचे काम सोमवारी घेतले तर शुक्रवारी परत जाते, आणि मध्ये एक दिवस वीज गेलीच तर शनिवार हाताशी राहतो. १ मार्च रोजी काम थांबविले जाते. पाऊस पडून खोली निवल्यावर मुले ते पुन्हा सुरू करतात, आणि वहीत तारीख घालतात.